मुंबईचं घड्याळ कोण लावतं?



आठवीच्या भूगोलात पहिलाच पाठ आहे ‘स्थानिक वेळ व प्रमाणवेळ’. रेखावृत्तं, एका अंशाला चार मिनिटं, मिर्झापूरजवळून जाणारं ८२° ३०′ पूर्व रेखावृत्त, हे सगळं आपण शिकवतो. मुलं उदाहरणं सोडवतात आणि मार्कही मिळवतात. पण प्रत्यक्षात ही प्रमाणवेळ कुठे ‘ठेवलेली’ असते, ती कोण सांभाळतं आणि आपल्या भिंतीवरच्या घड्याळापर्यंत ती कशी येते, हे पाठात फारसं येत नाही. मीही कित्येक वर्षं ते सांगत नव्हतो. मग एका परीक्षेत चूक झाली आणि मला हा विषय नीट समजून घ्यावा लागला.

चार मिनिटांची गोष्ट

सहामाही परीक्षेत एका वर्गावर माझं पर्यवेक्षण होतं. भिंतीवरच्या घड्याळात वेळ झाली, मी पेपर गोळा करायला सुरुवात केली. तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, शेजारच्या वर्गात अजून चार मिनिटं बाकी आहेत.” मी म्हटलं, “या वर्गात हेच घड्याळ चालतं,” आणि पेपर घेतला. तिचा शेवटचा प्रश्न अर्धा राहिला होता.

नंतर सगळ्या वर्गांची घड्याळं ताडून पाहिली. माझ्या वर्गाचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. म्हणजे चाळीस मुलांची प्रत्येकी चार मिनिटं मी काढून घेतली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन चूक कबूल केली. त्यावर तिनं विचारलं, “ठीक आहे सर, पण मग खरं घड्याळ कुठलं?”

मी म्हटलं, “मोबाइलमधलं.” ती म्हणाली, “आणि मोबाइलला कोण सांगतं?”

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जे हाती लागलं, ते इथे मांडतो आहे. वर्गात कसं घेता येईल, तेही सांगतो.

आधी सूर्याचं घड्याळ

घड्याळं नव्हती तेव्हा खरी वेळ सूर्य सांगायचा. सूर्य डोक्यावर सर्वांत उंच आला की मध्यान्ह. पण पृथ्वी फिरत असल्यामुळे ही मध्यान्ह प्रत्येक गावात वेगळ्या क्षणी होते.

हे मुलांना लांबच्या शहरांवरून न सांगता आपल्याच उपनगरांवरून सांगा. मुलुंड हे अंधेरीच्या पूर्वेला साधारण ०.११ अंशावर आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे २४० सेकंद. म्हणून मुलुंडला सूर्य अंधेरीच्या आधी सुमारे २५ सेकंद डोक्यावर येतो. घाटकोपर मधे कुठेतरी. बोरीवली आणि अंधेरी जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत, त्यामुळे त्यांची मध्यान्ह जवळजवळ एकच. प्रत्येकानं आपापला सूर्य धरायचा ठरवलं, तर मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे यांच्या घड्याळांतही फरक पडेल!

आता मिर्झापूरचं गणित. ८२.५ वजा ७२.८५ म्हणजे ९.६५ अंश. गुणिले चार, म्हणजे जवळजवळ ३९ मिनिटं. हा आकडा लक्षात ठेवा, कारण या ३९ मिनिटांवरून मुंबईत चाळीस वर्षांहून जास्त काळ वाद चालला होता.

मुंबईची स्वतःची वेळ

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली रेल्वे धावली. आजची घाटकोपर-मुलुंडची लाइन तीच. पुढे रेल्वेचं जाळं देशभर पसरलं, तेव्हा प्रत्येक शहराची स्थानिक वेळ धरून वेळापत्रक करणं अशक्य झालं. रेल्वेनं मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. म्हणजे घरातलं घड्याळ एक सांगायचं आणि स्टेशनवरचं दुसरं.

१८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी (पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावानं आहे तेच) मुंबईतही मद्रास वेळ सरकारी कामासाठी लागू केली. शहरानं इतका विरोध केला की १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली.

१ जानेवारी १९०६ पासून ‘भारतीय प्रमाणवेळ’ आली, म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईकरांना घड्याळ ३९ मिनिटं पुढे करायचं होतं. काळ बंगालच्या फाळणीनंतरचा, स्वदेशी चळवळीचा. ‘सरकार आता आमचा सूर्यही बदलणार का?’ अशी भावना होती. गिरणी कामगारांचा प्रश्न तर अगदी पोटाचा होता. घड्याळ ३९ मिनिटं पुढे नेलं आणि भोंगा त्याच आकड्यावर वाजला, तर कामगाराला सूर्याच्या हिशेबानं ३९ मिनिटं आधी कामावर हजर व्हावं लागणार. गिरण्यांमध्ये त्यावरून असंतोष झाला. मुंबई महापालिकेनं त्याच वर्षी ठराव करून आपल्या अखत्यारीतली घड्याळं पुन्हा ‘मुंबई वेळे’वर आणली.

त्यानंतर कित्येक वर्षं शहरात दोन वेळा नांदत होत्या. रेल्वेची, पोस्टाची आणि सरकारची एक, महापालिकेची दुसरी. स्वातंत्र्य मिळालं तरी हे लगेच संपलं नाही. १९५० च्या दशकात मुंबई वेळ मागे पडली आणि सगळं शहर एका प्रमाणवेळेवर आलं.

मुलांना इथे थांबून विचारा, “यातली खरी वेळ कुठली होती?” वर्गात जोरदार चर्चा होते. सूर्याच्या बाजूनं बोलणारी मुलं असतात, रेल्वेच्या बाजूनं बोलणारीही असतात. हळूहळू त्यांच्याच लक्षात येतं की वेळ किती वाजले म्हणायची, हा आपापसातला करार आहे. करार सगळ्यांनी पाळला तरच त्याचा उपयोग, आणि कुणाला विचारून केला हेही महत्त्वाचं.

सूर्य बरोबर, तरी सूर्य पुरत नाही

सूर्यावर घड्याळ लावण्यात आणखी एक अडचण आहे. मुंबईत सूर्य रोज १२ वाजून ३९ मिनिटांनी माथ्यावर येत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२.२२ च्या सुमारास येतो, फेब्रुवारीच्या मध्यात १२.५३ च्या सुमारास. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून हा फरक. ३९ मिनिटं ही वर्षाची सरासरी.

बरं, पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणंही अगदी एकसारखं नसतं. जुहूला किंवा वर्सोव्याला आपण जी भरती-ओहोटी बघतो, तिच्या घर्षणानं पृथ्वीची गती फार हळूहळू कमी होते आहे. शंभर वर्षांत दिवस दोनेक मिलिसेकंदांनी लांबतो. आपल्याला कळतही नाही, पण ज्या फुटपट्टीनं मोजायचं तीच ताणली जात असेल, तर शास्त्रज्ञांना ती चालत नाही. म्हणून त्यांनी आकाशाकडे बघणं सोडलं आणि अणूकडे वळले.

घड्याळ म्हणजे काय? एक झोका आणि एक मोजणारा

कुठल्याही घड्याळात दोनच गोष्टी लागतात. एकसारखं हलणारं काहीतरी आणि ती हालचाल मोजणारं काहीतरी. आजोबांच्या घड्याळात लंबक हलतो. आपल्या मनगटावरच्या घड्याळात क्वार्ट्‌झचा छोटा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. दोननं सतत भागत गेलं की पंधराव्या भागाकाराला बरोबर एक उरतो, म्हणून हा आकडा निवडलाय. मुलांकडून हा भागाकार फळ्यावर करून घ्या, त्यांना मजा वाटते.

पण दोन स्फटिक तंतोतंत सारखे कापता येत नाहीत. उन्हाळ्यात, थंडीत त्यांची गती बदलते, जुने झाले की बदलते. साधं क्वार्ट्‌झ घड्याळ महिन्याला काही सेकंद इकडेतिकडे होतंच. बॅटरी उतरली, कुणी काटे हलवले, की मिनिटांचा फरक पडतो. माझ्या वर्गातलं घड्याळ असंच कुणीतरी हलवलेलं असणार.

अणूचं तसं नाही. मुंबईतला सीझियमचा अणू आणि पॅरिसमधला सीझियमचा अणू अगदी सारखा. तो कारखान्यात बनत नाही, झिजत नाही आणि जुना होत नाही. म्हणून त्याच्यापासून घड्याळ करायचं.

अणुघड्याळ चालतं कसं?

आधी एक गैरसमज दूर करू. आमच्याकडून तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र फार लांब नाही, त्यामुळे ‘अणुघड्याळ’ म्हटलं की कुणीतरी विचारतंच, “सर, ते फुटलं तर?” अणुघड्याळात अणुऊर्जा नसते. सीझियम-१३३ हा स्थिर अणू आहे, किरणोत्सारी नाही. इथे अणू फुटत नाही, फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो.

ते कसं? सीझियमच्या अणूत सर्वांत बाहेर एकच इलेक्ट्रॉन असतो. हा इलेक्ट्रॉन आणि अणूचं केंद्रक, दोघंही छोट्या चुंबकांसारखे वागतात. ते एकाच दिशेला असू शकतात किंवा उलट दिशेला. या दोन स्थितींच्या ऊर्जेत अगदी थोडासा फरक असतो. बरोबर तेवढ्याच ऊर्जेच्या सूक्ष्मलहरी अणूवर सोडल्या, तर तो एका स्थितीतून दुसरीत उडी मारतो. लहरींची वारंवारता जराही चुकली, तर उडी मारणाऱ्या अणूंची संख्या कमी होते.

जुना रेडिओ आठवा. खुंटी फिरवून आकाशवाणीचं केंद्र लावायचो. सूत इकडे झालं की खरखर, तिकडे झालं की खरखर, मधे एका जागी आवाज स्वच्छ. अणुघड्याळात नेमकं हेच चालतं. सूक्ष्मलहरी तयार करतो तो एक चांगल्या प्रतीचा क्वार्ट्‌झच. त्या लहरी सीझियमवर सोडायच्या, किती अणूंनी उडी मारली ते बघायचं, संख्या घटली की क्वार्ट्‌झची खुंटी किंचित फिरवून पुन्हा जागेवर आणायची. हे सतत, आपोआप. म्हणजे क्वार्ट्‌झ हा विद्यार्थी आणि अणू हा कधीही न थकणारा, कुणाचीही भीड न बाळगणारा परीक्षक.

केंद्र बरोबर लागलं की त्या लहरी सेकंदाला ९,१९,२६,३१,७७० वेळा हेलकावे घेतात. नऊशे एकोणीस कोटी, सव्वीस लाख, एकतीस हजार, सातशे सत्तर. १९५५ मध्ये इंग्लंडच्या टेडिंग्टन इथल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी भरवशाचं पहिलं सीझियम घड्याळ चालवलं. १९६७ मध्ये जगानं सेकंदाची व्याख्याच बदलली. पृथ्वीच्या गतीवर बेतलेली व्याख्या मागे पडली आणि सीझियमच्या लहरींचे एवढे हेलकावे म्हणजे एक सेकंद, असं ठरलं. आजची उत्तम सीझियम घड्याळं कोट्यवधी वर्षांत एखादा सेकंद चुकतील, इतकी काटेकोर आहेत.

भारताची वेळ कुठे राहते?

प्रमाणवेळेचं रेखावृत्त मिर्झापूरजवळचं असलं तरी तिथे घड्याळ नाही. भारतीय प्रमाणवेळ सांभाळण्याचं काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. तिथे एक नाही, अनेक अणुघड्याळं आहेत. काही सीझियमची, काही ‘हायड्रोजन मेसर’ प्रकारची. तापमान सांभाळलेल्या खोल्यांत ती चालतात आणि सतत एकमेकांशी ताडून पाहिली जातात.

अनेक कशाला? एकच घड्याळ असेल आणि ते चुकलं, तर कळणार कसं? माझ्या वर्गात हेच झालं होतं. दोन असतील तर भांडण होईल, पण खरं कुठलं ते कळणार नाही. तीन किंवा जास्त असतील, तर चुकणारं लगेच उघडं पडतं.

जगातही हीच पद्धत आहे. सुमारे ८० संस्थांमधली ४०० हून अधिक अणुघड्याळं आपली मोजणी पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजन-माप कार्यालयाकडे पाठवतात. दिल्लीची घड्याळंही त्यात आहेत. जे घड्याळ जास्त स्थिर, त्याला जास्त वजन, अशी सरासरी काढून जागतिक वेळ ठरते. मग दर महिन्याला प्रत्येक संस्थेला कळवलं जातं की तुमची वेळ या सरासरीपेक्षा किती नॅनोसेकंद पुढे किंवा मागे आहे. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. जगाचं मुख्य घड्याळ असं कुठल्याही एका खोलीत टांगलेलं नाही. ते कागदावरची सरासरी आहे, आणि प्रत्येक देशाला आपली चूक दर महिन्याला छापून मिळते.

पृथ्वीशी जुळवून घेणं

अणुघड्याळं एकसारखी चालतात, पृथ्वी मात्र थोडी रेंगाळते. दोघांत अंतर पडू नये म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक जादा सेकंद, म्हणजे लीप सेकंद घातला जातो. आतापर्यंत असे २७ सेकंद घातले गेले. शेवटचा होता १ जानेवारी २०१७ च्या पहाटे. भारतात ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर लगेच साडेपाच वाजले नाहीत. मधे ‘साठावा’ सेकंद आला. त्या वेळी आपल्यापैकी कितीतरी जण लोकलसाठी फलाटावर उभे असतील!

संगणकांना हा मधला सेकंद फार त्रासदायक ठरतो, म्हणून २०३५ पर्यंत ही पद्धत बदलायचं २०२२ च्या जागतिक परिषदेत ठरलं आहे.

इतका काटेकोरपणा हवाय कुणाला?

पालक हा प्रश्न नेहमी विचारतात. “लोकल पाच मिनिटं लेट, आणि तुम्ही नॅनोसेकंदाचं काय घेऊन बसलात?”

मोबाइलमधला नकाशा घ्या. उपग्रहाकडून संदेश यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढलं जातं. प्रकाश एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जातो. तेवढी चूक झाली तर रिक्षा अंधेरी पूर्वेऐवजी पश्चिमेला जाऊन उभी राहील. शिवाय आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे जीपीएस उपग्रहांतली घड्याळं जमिनीवरच्यापेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. ही दुरुस्ती केली नाही तर? ३८ गुणिले ३०० मीटर, म्हणजे ११.४ किलोमीटर. आपली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोची पूर्ण लांबी बरोबर तेवढीच आहे. एका दिवसात एवढी चूक साठेल! आमच्या वर्गात हे उदाहरण कुणी विसरत नाही.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या शेअर बाजारात एकाच भावाच्या दोन मागण्या आल्या, तर आधी आलेल्याला प्राधान्य मिळतं. ‘आधी’ ठरवायला घड्याळ लागतं. यूपीआयचे व्यवहार, ऑनलाइन अर्जाची शेवटची वेळ, वीजवाहिन्यांतला बिघाड शोधणं, सगळीकडे तेच.

भारताच्या ‘नाविक’ उपग्रहांतही रुबिडियमची अणुघड्याळं आहेत. सुरुवातीला ती परदेशातून आणलेली होती. पहिल्या उपग्रहातली घड्याळं बंद पडली आणि त्या उपग्रहाचा मुख्य उपयोगच गेला. मग अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रात देशी अणुघड्याळ तयार झालं आणि २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ या उपग्रहातून ते अवकाशात गेलं.

जमिनीवरही हाच प्रश्न आहे. आपल्याकडच्या अनेक यंत्रणा आपली वेळ जीपीएससारख्या परदेशी स्रोतांकडून घेतात. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारनं वैधमापन कायद्याखाली नियमांचा मसुदा काढला, की सरकारी आणि व्यापारी कामासाठी भारतीय प्रमाणवेळच वापरावी. वाण्याच्या वजनावर जसा शिक्का असतो, तसा वेळेवरही असावा, असा त्यामागचा विचार.

वर्गात आणि घरी करून बघा

१. सावलीची मध्यान्ह. गच्चीवर एक काठी ओळंब्यानं सरळ उभी करा. सव्वाबारा ते एक या वेळेत दर दोन मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं नोंदवा. सर्वांत आखूड सावलीची वेळ म्हणजे तुमची मध्यान्ह. मे महिन्याच्या मध्यात केलंत तर १२.३५ च्या सुमारास सावली जवळजवळ नाहीशी झालेली दिसेल. मुंबईचा शून्य सावलीचा दिवस तेव्हाच असतो.

२. मोबाइल वेळ कशी विचारतो? एका मुलाला ऑफिसातलं घड्याळ बघायला पाठवा. तो वर्गाच्या घड्याळानुसार ११.०० ला निघाला आणि ११.०४ ला परत आला. ऑफिसात त्यानं ११.०५ बघितले. जायला-यायला सारखाच वेळ लागला असं धरलं, तर त्यानं बघितलं तेव्हा वर्गात ११.०२ झाले असणार. म्हणजे वर्गाचं घड्याळ तीन मिनिटं मागे आहे. मोबाइल आणि संगणकही इंटरनेटवरून याच पद्धतीनं वेळ जुळवतात, फक्त हे सगळं सेकंदाच्या छोट्याशा भागात होतं.

३. घरातली सरासरी. घरातल्या सगळ्या घड्याळांची वेळ एकाच क्षणी लिहा, सरासरी काढा, कुठलं घड्याळ सर्वांत चुकतं ते शोधा. आठवडाभरानं पुन्हा करा. जे स्थिर आहे, त्याला जास्त ‘वजन’ द्या. हेच काम मोठ्या प्रमाणावर पॅरिसजवळ चालतं.

त्या मुलीला दिलेलं उत्तर

पुढच्या परीक्षेच्या सकाळी मी तिलाच सोबत घेतलं. आम्ही दोघांनी शाळेतली सगळी घड्याळं एका वेळेला लावली. वर्गाच्या दारावर चिठ्ठी चिकटवली, ‘घड्याळ तपासलं, सकाळी १०.१५’ आणि खाली सही. आता दर परीक्षेला हे काम मुलंच करतात.

तिला मी सांगितलं, “एकटं असं खरं घड्याळ कुठेच नाही. जे घड्याळ दुसऱ्यांशी ताडून बघितलं जातं आणि आपली चूक लपवत नाही, ते खरं.”

ती म्हणाली, “म्हणजे त्या दिवशी तुम्ही शेजारच्या वर्गात जाऊन बघायला हवं होतं.”

होय, बघायला हवं होतं.